मसाल्याचं टेबल

सिडनीने ग्लास तिरका धरला, हलकेच फिरवला, नाक आत घातलं आणि डोळे मिटले. टेबलापलीकडे बसलेली मेगन आणि तिच्या शेजारचा अभय आपापले ग्लास खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहिले. सिडनी परेराचं हुंगणं बघण्यासारखं असतं, असं बिअर चाखणाऱ्या या मंडळींत बोललं जायचं. आधी दोन छोटे श्वास, मग एक लांब, मग ग्लास दूर. त्याने सगळं यथासांग केलं. हाती काय लागलं म्हणाल, तर शून्य. ग्लासात बिअर होती की नळाचं पाणी, हे नाकाने सांगितलं नाही ते नाहीच.

त्याने मान डोलावली आणि समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं.

गेल्या वर्षी पावसाळ्यात ताप आला. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत, धीर धरा. सिडनीने धरला. रोज सकाळी तो कॉफीच्या डब्यात नाक घालून उभा राहायचा, आणि ज्युडिथ स्वयंपाकघरात आली की झाकण लावून टाकायचा. चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोलाही त्याने सांगितलं नव्हतं. सांगणार कसं? आयुष्यभर अत्तरं आणि अर्क बनवणाऱ्या कंपनीत नाकावर भाकरी खाल्ली, निवृत्त झाल्यावर बिअरच्या स्पर्धांना परीक्षक म्हणून बोलावणी येऊ लागली तीही नाकावरच. ते काढून घेतलं तर मागे उरतो कोण? गिरगावातला एक म्हातारा, ज्याला आमटी लागलेलीही कळत नाही. 

तसं निभत होतं. जिभेला कडू, गोड, आंबट कळत होतं. डोळ्यांना रंग आणि फेस दिसत होता. बाकीचं तो आठवणीतून काढायचा. गव्हाची बिअर आली की पिकलं केळं म्हणायचं, काळी स्टाउट आली की कॉफी आणि करपलेला पाव. कोणी पोरगं आधी बोललं की त्याच्या बोलण्यात आपलं थोडं मिसळायचं. आणि अगदीच अडलं की कपाळाला आठी घालून म्हणायचं, "काहीतरी कमी आहे." कमी तर प्रत्येकच बिअरमध्ये असतं.

आज खरं तर तो स्टाउटच्या टेबलावर बसणार होता. परळच्या जुन्या गिरणीतल्या या बिअरहॉलमध्ये नाताळाच्या आधी दरवर्षी ही हौशी लोकांची स्पर्धा व्हायची. जिंकलेली बिअर हॉलच्या नळावर वर्षभर चढायची, बनवणाऱ्याच्या नावासकट. सकाळी आल्या आल्या स्पर्धेची व्यवस्था बघणारी दीपिका धावत आली.

"सर, मसाल्याच्या टेबलावरचे एक परीक्षक आजारी पडलेत. तुम्ही बसाल? मसाल्याला तुमच्यासारखं नाक कुठून आणू मी?"

नाही म्हणायला हवं होतं. मसाल्याचं टेबल म्हणजे निव्वळ नाकाचं काम. शिवाय त्याच टेबलावर मॅल्कमची बिअर येणार होती. मॅल्कम त्याचा शाळेपासूनचा दोस्त. नियमाने सिडनीने तेवढं जरी सांगितलं असतं तरी दीपिकाने दुसरं कोणीतरी शोधलं असतं.

"बसतो," सिडनी म्हणाला.

मॅल्कमसाठीच तो बसला, हे खोटं नाही. बायको कॅरिसा गेल्यापासून मॅल्कमने ठाकूरद्वारच्या घरातल्या मागच्या खोलीत बिअरची पातेली मांडली होती. कॅरिसाच्या हातचं खिमाड सगळ्या वाडीत नावाजलेलं. लग्नघरात पाहुण्यांना गरम गरम पाजायचं ते मसाल्याचं मद्य, जाळलेल्या साखरेचं, दालचिनी-जायफळाचं. सिडनीच्या स्वतःच्या लग्नातही तिच्या आईनेच केलं होतं. त्या खिमाडाच्या चवीची बिअर करायची, एवढा एकच ध्यास मॅल्कमने घेतला होता. तीन वर्षं करत होता आणि तीन वर्षं बिघडत होती. "यंदा शेवटचं, मॅन," तो म्हणाला होता. "नळावर कॅरिसाचं नाव लागलं तर लागलं. नाहीतर समजायचं, आपल्या हातात नाही ते."

गणपतीच्या सुमारास तो एक बाटली घेऊन सिडनीकडे आला होता. सिडनीने हुंगली, काही आलं नाही. प्यायला तेव्हा जिभेचं टोक बधिर झालं. लवंग. तेवढं एकच खरं सांगता येण्यासारखं होतं, म्हणून त्याने सांगितलं, "लवंग जास्त झालीय रे. कमी कर." मॅल्कम हरखून गेला होता. "तुझं नाक म्हणजे ना!" तो म्हणाला होता.

तेव्हा आज सिडनीजवळ ती एक खूण होती. लवंग कमी केली असली तरी जिभेला थोडं झिणझिणेलच. तो ग्लास ओळखायचा आणि वर काढायचा. नाकाने एवढी वर्षं मिरवलं, जिभेने एक दिवस मित्राच्या कामी यावं. त्यात कोणाचं काय जातंय, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं.

पुढचा ग्लास आला. नावं अर्थातच नव्हती, बुडाला आकड्यांच्या चिठ्ठ्या होत्या. रंग काळपट, कडेला लालसर. फेस दाट. सिडनीने हुंगण्याचा देखावा केला आणि एक घोट जिभेवर फिरवला. गोड, जळकट, आणि मग जिभेच्या टोकाला मुंग्या आल्या. हळूहळू ओठही बधिर झाले. त्याचा जीव भांड्यात पडला. हीच ती. लवंग कमी करायची सोडून लेकाने वाढवली की काय, असं वाटून त्याला हसूही आलं.

या मंडळींची रीत अशी, की मार्क लिहून होईपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. मग एकेकाने बोलायचं आणि तिघांच्या मार्कांत सातपेक्षा जास्त फरक असला तर चर्चा करून तो मिटवायचा. सुरुवात वयाने मोठा करतो.

"पन्नासात चव्वेचाळीस," सिडनी म्हणाला. "लवंग. काय सुंदर उतरलीय! मागे दालचिनी आणि जाळलेली साखर. लग्नघरात शिरल्यासारखं वाटतंय."

मेगनचं तोंड उघडं राहिलं. ती वांद्र्याच्या एका प्रयोगशाळेत कामाला होती, गेल्या वर्षीच परीक्षक झालेली, आणि सिडनीच्या हाताखाली शिकायला मिळतंय म्हणून घरी सांगून आलेली. तिने ग्लास पुन्हा नाकाशी नेला.

"लवंग, सर?"

"मग? तुला काय वाटतंय?"

तिने अभयकडे बघितलं. अभय बिअरवर इंटरनेटवर लिहायचा, लोक त्याला मानायचे. तो ग्लासात बघत होता.

"मला जरा वेगळं…" मेगन म्हणाली. "म्हणजे असेल लवंग. जुनी असली की वेगळी लागते का?"

"लागते."

"हो, आता येतेय," अभय म्हणाला. "लवंगच आहे."

मेगनने कागदावर लिहिलेला एक शब्द खोडला आणि मार्क वाढवले. सिडनीने खोडलेल्या शब्दाकडे बघितलंही नाही. काम फत्ते झालं होतं. आता उरलेल्यांतली कुठली याच्यावर चढणार नाही, एवढंच पाहायचं होतं.

त्यानंतर आल्याची एक आली, मिरचीची एक आली. मग पुन्हा एक काळपट. फेस बेताचा, चव गोडसर, शेवटी जरा कडू. सिडनीने घोट जिभेवर धरून ठेवला. काही झिणझिणलं नाही. साधी तपकिरी बिअर, मसाल्याच्या टेबलावर चुकून आल्यासारखी. त्याने मनमोकळेपणाने सव्वीस मार्क दिले आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं: मसाला आहे कुठे? वासच नाही.

अभयने एकोणचाळीस दिले होते. मेगनने पंचेचाळीस.

"पंचेचाळीस?" सिडनी म्हणाला.

"सर, मला खूपच आवडली." तिचे गाल लाल झाले होते. "ग्लास टेबलावर ठेवला तेव्हाच आला वास. ग्रॅनीच्या घरी नाताळात यायचा तसा. मला एकदम रडू येईल असं वाटलं."

सिडनी क्षणभर चरकला. त्याने ग्लास उचलून आणखी एक घोट घेतला, जीभ टाळूला लावून बघितली. नाही. एक मुंगी नाही. मॅल्कमचा ग्लास तर मघाशीच होऊन गेला होता आणि त्याच्यावर एक मार्क चढवून ही पोरगी भलतीच बिअर पुढे काढत होती. त्याला रागच आला.

"तुला ग्रॅनी आठवली, मेगन. आठवणीला मार्क देत नसतात. ग्लासात काय आहे ते सांग."

"जायफळ… दालचिनी…"

"कुठे आहे? मला दाखव. चाळीस वर्षं हेच केलंय मी. वास असता तर मला आला नसता?"

तिने ग्लास पुन्हा हुंगला, पण यावेळी घाबरत, स्वतःच्या नाकावरचा विश्वास उडाल्यासारखी. अभयने घसा साफ केला आणि म्हणाला, सर म्हणतात तर आपण जरा जास्तच दिले असतील. त्याने एकतीस केले. मेगनने पेन बराच वेळ हातात धरलं आणि मग तेहेतीसवर आली. सातच्या आत बसलं. सिडनीला स्वतःच्या आवाजाची जराशी लाज वाटली, पण दोस्तासाठी एवढं चालायचंच.

निकाल लागला तेव्हा हॉल भरला होता. मॅल्कम शेवटच्या रांगेत उभा होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, चर्चला जातात तसा. दीपिकाने माईक घेतला.

"मसाल्याच्या टेबलावर पहिला नंबर, वरळी कोळीवाड्याचा मयूर! तिरफळाची काळी पोर्टर बिअर!"

टाळ्या पडल्या. सिडनीचे हात वर आले होते ते तसेच राहिले.

मयूर म्हणून कोणी दाढीवाला तरुण पुढे आला आणि हसत माईकवर म्हणाला, "थँक यू. तिरफळ आईच्या डब्यातलं चोरलंय. बांगड्याच्या कालवणासाठी ठेवलं होतं तिने. त्या वासाने लोक पळतील असं वाटलं होतं मला."

हॉल हसला. तिरफळ. तेही जीभ बधिर करतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि त्याचा वास लवंगेसारखा नसतो, हेही. नाक असलेला कोणीही माणूस गफलत करणार नाही अशी ती गफलत होती. सिडनीने मेगनकडे बघितलं. ती त्याच्याकडेच बघत होती. तिच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तिथे कीव होती.

ती जवळ आली. "सर, मी तिरफळच लिहिलं होतं," ती हळूच म्हणाली. "तुम्ही लवंग म्हणालात म्हणून खोडलं."

"आणि ती दुसरी? ग्रॅनीची?"

"तिचा नंबर नाही आला, सर. खिमाड होतं म्हणे. कोणी गिरगावातल्या अंकलनी केलेलं."

सिडनीने शेवटच्या रांगेकडे बघितलं. तिथे मॅल्कम नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो ठाकूरद्वारला गेला. सकाळपासून चारदा चप्पल घातली आणि चारदा काढली होती. "मॅल्कमकडे जाऊन येतो," एवढंच तो ज्युडिथला म्हणाला. ती म्हणाली, बाजार आटपून मीही येते, बिचाऱ्याला जेवायला बोलावू.

मागच्या खोलीतली पातेली गेली होती. भिंतीवर त्यांच्या जागी काळे गोल उरले होते. मॅल्कम मोरीपाशी स्टूल टाकून बसला होता. शेजारच्या क्रेटमध्ये बाटल्या होत्या. तो एकेक उघडत होता आणि मोरीत उपडी करत होता, न रागावता, कोणी घरकाम करावं तसा.

"अरे, हे काय करतोयस?"

"ये. बस." मॅल्कमने मान वर केली नाही. "पातेली त्या मयूरला दिली. सकाळी टेम्पो घेऊन आला होता. चांगला पोरगा आहे."

"बाटल्या कशाला ओततोस? राहू देत की."

"कशाला राहू देत? कागद वाचला मी परीक्षकांचा. मसाला आहे कुठे, वासच नाही." त्याने पुढची बाटली उघडली. "तुझं अक्षर मी ओळखतो, सिड. शाळेपासून बघतोय. त्याचं वाईट नाही वाटलं. तू होतास म्हणून तर खरं कळलं. दुसऱ्या कोणाचं मी मानलं नसतं."

सिडनी दाराच्या उंबऱ्यावर टेकला.

"काय झालं सांगू?" मॅल्कम म्हणाला. "लवंग माझीच अक्कल होती. कॅरिसा घालायची नाही. तू कमी कर म्हणालास, मी पार काढून टाकली. आणि झाकण उघडलं त्या दिवशी… ती खोलीत आल्यासारखं वाटलं, मॅन. रोज यायचो इथे. रोज यायचा वास. आता कळतंय, तो मलाच येत होता. माणूस एकटा राहिला की होतं असं. डोकं खेळ करतं." तो हसला. "तिने जाण्याआधी कालवून ठेवलेला मसाला होता, शेवटची बरणी. प्रमाण तिच्या हातातच होतं, तिने कधी मोजलं नाही. तो सगळा यात घातला, संपला. म्हटलं चला, एकदाचं कळलं. उगाच वास घेत बसलो असतो मरेपर्यंत."

"मॅल्कम, ऐक. मला वास येत नाही."

"हो, वाचलं मी."

"तसं नाही रे! मला कशाचाच येत नाही. गेल्या वर्षीच्या तापापासून. ज्युडिथलाही ठाऊक नाही. तुझ्या बिअरला वास आहे. त्या मुलीला आला होता, तिने पंचेचाळीस दिले होते, मी भांडून तिला खाली आणलं. मी तो दुसराच ग्लास तुझा समजलो. देवाशपथ सांगतो, मी तुझी माती केली, मॅल्कम."

मॅल्कमने पहिल्यांदा वर बघितलं. मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते सिडनीला अपेक्षित असलेलं काहीच नव्हतं. तो कौतुकाने बघत होता.

"माझ्यासाठी एवढं खोटं बोलतोस?"

"खोटं नाही रे बाबा!"

"अरे, लवंग जास्त झालीय हे कोणी पकडलं? तूच ना? नाक नसलेल्या माणसाला कळतं का ते?"

"जिभेला कळलं! जीभ बधिर झाली म्हणून—"

"पुरे, सिड." मॅल्कमने प्रेमाने हात हलवला. "तू आलास, बसलास, बास झालं. अशी समजूत नको घालू. मी काय लहान आहे?"

सिडनी उठला. त्याने क्रेटमधली बाटली घ्यायला हात घातला, पण क्रेटमध्ये काही नव्हतं. शेवटची मॅल्कमच्या हातात होती.

"ती ठेव. मॅल्कम, तेवढी ठेव. माझं ऐक."

"वास नसलेली बिअर घेऊन करायचंय काय?" मॅल्कम म्हणाला आणि त्याने बाटली उलटी धरली. तपकिरी धार मोरीत पडत राहिली, फेस जाळीवर थोडा वेळ टिकला. सिडनी त्या फेसाकडे वाकून बघत होता. त्याने नाकाने जोरात श्वास ओढला. पुन्हा ओढला. थंड हवा आत गेली, बाहेर आली.

पुढच्या दारात पिशवी ठेवल्याचा आवाज आला.

"मॅल्कम, कोणाचं लग्न काढलंयस?" ज्युडिथ धापा टाकत आत येत होती. पदराने कपाळ पुसत ती मागच्या खोलीच्या दारात थांबली आणि तिने डोळे मिटून घेतले. "जीझस! वाडीच्या तोंडापासून येतोय. ती कोपऱ्यावरची फुलवालीसुद्धा विचारत होती, आज काय आहे म्हणून. अगदी कॅरिसाच्या हातचं. तसंच्या तसं."

मॅल्कमचा हात मोरीवर तसाच होता.

"काय झालं?" ज्युडिथने दोघांकडे बघितलं. मग नवऱ्याकडे. "अरे, एवढा घमघमाट सुटलाय आणि तू असा काय उभा? तुला येत नाही का वास?"

मॅल्कमने मान वळवली. तोही सिडनीकडे बघत होता.

"नाही," सिडनी म्हणाला.

मॅल्कमने घाईघाईने बाटली सरळ केली. मग ती उजेडाकडे धरून त्याने तळाशी काही उरलंय का बघितलं.